बियाणे, रोप आणि राखण

राष्ट्रीय हरित सेना ही शालेय योजना केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २००१-०२ मध्ये सुरू केली. महाराष्ट्रात ती सामाजिक वनीकरण विभागामार्फत राबवली गेली. अशा उपक्रमांत वृक्षारोपणापेक्षा त्याआधीचे बियाण्याचे काम मुलांना अधिक शिकवते. मोहाची तेलकट बी फार काळ टिकत नाही, त्यामुळे ती पावसाळ्याच्या तोंडावर ताजीच पेरावी लागते. सागाचे कठीण फळ मात्र आळीपाळीने भिजवून वाळवल्याशिवाय नीट उगवत नाही. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि लेंड्यांतून पडलेली बी चांगली रुजते. घरी शेळ्या असलेल्या मुलाला हे वेगळे सांगावे लागत नाही.

असाच जंगलाचा एक खुला वर्ग म्हणजे साक्री तालुक्यातील बारीपाडा. चैत्राम पवार (पद्मश्री, २०२५) यांच्या पुढाकाराने या आदिवासी पाड्याने १९९०च्या दशकापासून सुमारे ११०० एकर जंगल राखले. वृक्षतोड आणि चराईला बंदी, दंड आणि पाणी जिरवणारे समतल चर हे त्याचे मुख्य उपाय. २००४ पासून तेथे रानभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. राखण महत्त्वाची, कारण उघड्या डोंगरावर लागवडीइतकेच, किंबहुना अधिक, काम जुन्या खोडांना फुटलेले धुमारे करतात; मात्र त्यांना गुरे आणि कुऱ्हाडीपासून काही वर्षे जपावे लागते.