खाडीवरचा पूल आणि चुकीची तारीख

दर 16 एप्रिलला एक जुनं चित्र हमखास छापून येतं. दगडी कमानींच्या पुलावरून धूर सोडत निघालेली गाडी, आणि खाली ओळ: 'पहिली रेल्वे, बोरीबंदर ते ठाणे, 1853'. ही ओळ खरी असूच शकत नाही. पहिली गाडी ठाण्याला थांबली होती. चित्रातला पूल बहुतेक जण ठाण्याच्या खाडीवरचा मानतात, आणि ती खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गाडी धावू लागली 1 मे 1854 रोजी. काही ठिकाणी चित्रातल्या पुलाला 'दापुरी' असं नाव दिलेलं आढळतं. ते पुण्याजवळचं दापोडी धरलं तरी पुण्याला रेल्वे पोचली 1858 मध्ये!

खाडीवर पूल दोन होते, एक 111 यार्डांचा, दुसरा 193. रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. कल्याणनंतर रूळ घाटांकडे वळले आणि भिवंडी बाजूला पडली. आग्रा रोडवरचं, खाडीचं बंदर असलेलं हे गाव. पण रेल्वे स्थानक मिळालं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दिवा-वसई मार्गावर. तोवर भिवंडीकराला गाडी धरायची तर कल्याण नाही तर ठाणं गाठावं लागे.

ठाण्याच्या पुलाचं निदान नाव तरी राहिलं. बोरघाटातल्या एका पुलाच्या नशिबी तेही आलं नाही. 1863 मध्ये खुल्या झालेल्या त्या चढणीवर 25 बोगदे आणि आठ मोठे कमानींचे पूल होते. तो पूल त्यातलाच, इंग्रजी कागदांतला 'म्हाउ-के-मल्ली', आठ कमानींचा. जुलै 1867 मध्ये तो कोसळला. उणीपुरी चार वर्षं टिकला. बर्कली 1862 मध्येच वारले होते, त्यांना घाट पुरा झालेलाही दिसला नाही. त्या काळची कोरीव चित्रं पाहिली की घाटातले पूल डोंगराइतकेच जुने आणि पक्के वाटतात. चित्रकाराला दर्शनी दगड दिसतो, आतली भर दिसत नाही. म्हणूनच कंपनीच्या कौतुकाची ही चित्रं पुरावा म्हणून जपून वापरावीत.

भिवंडी-कल्याणच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर असं चित्र सापडलं, तर रद्दीत घालण्याआधी खालचा आणि मागचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घ्या.