एका मळ्याचे मद्य आणि त्याची वाटणी

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात दिजों शहरापासून दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरपर्यंत एक अरुंद डोंगरउतरण गेली आहे. तिला कोत दोर म्हणतात. येथील श्रेष्ठ प्रतीचे तांबडे मद्य पिनो न्वार या एकाच जातीच्या द्राक्षांपासून करतात. तरीही एका शेताचे मद्य शेजारच्या शेताच्या मद्याहून निराळे मानले जाते. अशा प्रत्येक नामांकित, सीमांकित शेताला ‘क्लिमा’ अशी संज्ञा आहे. २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत या क्लिमांचा समावेश केला, तेव्हा त्यांची संख्या १,२४७ नोंदविण्यात आली.

या भेदाचे कारण प्रथमतः भूमीत शोधावे लागते. उतरणीच्या मध्यभागी चुनखडीयुक्त, उथळ व पाण्याचा निचरा होणारी जमीन असते. पायथ्याशी चिकणमातीचा थर जाड होतो व ओल टिकून राहते. पिनो न्वारची साल पातळ असून तिला पालवी लवकर फुटते. त्यामुळे वसंतातील हिमकडाका आणि पावसाळी हवेतील कूज ही दोन्ही तिला लवकर बाधतात. जात एकच असल्यामुळे मातीतील व उतारातील फरक नजरेस येतो.

परंतु शेताचे नाव एक असले तरी त्याचा मालक एक असतोच असे नाही. क्लो द वूजो हे याचे ठळक उदाहरण होय. सिस्टर्सियन पंथाच्या मठवासीयांनी हा मळा बाराव्या शतकापासून वाढविला व पुढे त्याला दगडी कुसू घातले. १७८९ मध्ये क्रांतिकालीन शासनाने धर्मसंस्थांची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात घेतली व नंतर हा मळा विकला गेला. १८८९ मध्ये तो अनेक खरेदीदारांत विभागला गेला. आज सुमारे ५० हेक्टरांच्या या मळ्याचे जवळजवळ ८० मालक आहेत. १८०४ च्या नागरी संहितेने सर्व अपत्यांना वारसाहक्क दिल्यामुळे बर्गंडीत सर्वत्रच वाटण्या होत गेल्या.

परिणामी एखाद्या कुटुंबाकडे अनेक क्लिमांतील वेलींच्या मोजक्याच ओळी असतात. एका ठिकाणच्या उत्पन्नातून कधी २२८ लिटरचे एकच पिंप, म्हणजे सुमारे ३०० बाटल्या, भरतात. पूर्वी अशी कुटुंबे आपले मद्य व्यापाऱ्यांना विकत आणि व्यापारी ते एकत्र मिसळीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थांशात काही उत्पादकांनी स्वतःच बाटल्या भरण्यास आरंभ केला. १९३५ च्या कायद्याने उत्पत्तिस्थानाच्या नावाला संरक्षण मिळाले. तेव्हापासून लहान कुटुंबालाही आपल्या शेताच्या नावाचे मोल मिळू लागले. मात्र कायदा सीमेची हमी देतो, कौशल्याची नव्हे. म्हणून ग्राहकाला शेताच्या नावाइतकेच उत्पादकाचे नावही पाहावे लागते.

हेच मोल आता कुटुंबांना जड होत आहे. वारसाकर जमिनीच्या बाजारभावावर आकारला जातो. त्या मानाने मद्याचे वार्षिक उत्पन्न अल्प असते. एका वारसाने इतरांचे हिस्से विकत घ्यावयाचे म्हटले, तरी तो भार पेलत नाही. धनाढ्य उद्योगसमूह मात्र ती किंमत देऊ शकतात. मोमेसाँ कुटुंबाने १९३२ पासून राखलेला सुमारे साडेसात हेक्टरांचा अखंड क्लो द तार मळा २०१७ मध्ये उद्योगपती फ्राँस्वा पिनो यांच्या समूहाकडे गेला.

सारांश, क्लिमाचे नाव मठ, क्रांती आणि वाटण्या या सर्वांतून टिकून राहिले. ते यापुढेही टिकेल. कारण ते भूमीचे नाव आहे. त्या भूमीत राबणारे कुटुंब टिकेल किंवा कसे, हे मात्र वारसा व कर यांविषयीच्या कायद्यांवर अवलंबून राहील.