बालवयातील तिरळेपणा : नेत्रचलनाचे दोष आणि दृष्टीचा विकास

उर्दू आणि फार्सी काव्यात तिरळ्या मनुष्यास ‘अहवल’ म्हटले जाते, आणि अहवलास एकाच्या दोन वस्तू दिसतात असा संकेत तेथे रूढ आहे. मौलाना रूमी यांच्या ‘मस्नवी’तील गोष्ट प्रसिद्ध आहे. उस्ताद शिष्यास बाटली आणावयास सांगतात. शिष्यास दोन दिसतात. एक फोडावी तर दुसरीही नाहीशी होते. प्रौढपणी अचानक डोळा तिरळा झाला तर रुग्णास खरोखरच दोन प्रतिमा दिसतात. अगदी लहान वयात तिरळेपणा आलेल्या बालकाची गोष्ट मात्र उलट आहे. त्याला बहुधा दोन दिसत नाहीत, एकच दिसते. त्यामुळे ते तक्रार करीत नाही, आणि खरा धोका नेमका येथेच आहे.

प्रत्येक डोळा सहा लहान स्नायूंनी हलविला जातो व या स्नायूंवर मेंदूतून निघणाऱ्या तीन चेतांचे नियंत्रण असते. दोन्ही डोळे एकाच बिंदूवर रोखले गेले म्हणजे मेंदू त्यांच्या दोन प्रतिमांची एक प्रतिमा करतो व त्यातूनच खोलीचे ज्ञान होते. दोन डोळ्यांनी एकच वस्तू का दिसते, या प्रश्नाचा प्रयोगपूर्वक विचार अकराव्या शतकात इब्न अल-हैसम यांनी ‘किताब अल-मनाझिर’मध्ये केलेला आहे. डोळ्यांची दिशा जुळत नसेल तर दोन निराळ्या प्रतिमा मेंदूकडे जातात. बालकाचा मेंदू हा गोंधळ टाळण्यासाठी वळलेल्या डोळ्याची प्रतिमा दाबून टाकतो. हे दीर्घकाळ चालले की त्या डोळ्याची दृष्टी विकसितच होत नाही. यास अँब्लिओपिया किंवा बोलभाषेत ‘आळशी डोळा’ म्हणतात. (हे नाव तितकेसे न्याय्य नाही, डोळा आळशी नसतो, त्यास कामावरून दूर केलेले असते.)

याचे शास्त्रीय स्पष्टीकरण डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल यांच्या १९६० च्या दशकातील प्रयोगांनी मिळाले. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला असता, पुढे तो उघडल्यावरही मेंदूतील दृष्टिकेंद्राच्या बहुतेक पेशी त्याला प्रतिसाद देत नसत. प्रौढ मांजराच्या बाबतीत असा परिणाम होत नसे. दृष्टी शिकण्याचा एक ठराविक काळ असतो, हे यावरून सिद्ध झाले. या दोघांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या समाजात तिरळेपणाकडे पाहण्याची दृष्टी दोन टोकांची आहे. एकीकडे तो भाग्याचे लक्षण मानला जातो किंवा ‘मोठेपणी आपोआप सरळ होईल’ म्हणून सोडून दिला जातो. दुसरीकडे मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की शस्त्रक्रियेची घाई होते. त्या वयात शस्त्रक्रियेने डोळा सरळ दिसू लागतो, पण बालपणी गमावलेली दृष्टी त्याने परत येत नाही. सैन्यभरती किंवा रेल्वे इंजिनचालक यांसारख्या नोकऱ्यांत दोन्ही डोळ्यांची तपासणी होते, आणि एक डोळा कमजोर असल्याचे अनेक तरुणांस तेथे प्रथमच कळते.

जन्मानंतरचे पहिले तीन-चार महिने बाळाचे डोळे अधूनमधून इकडेतिकडे जाणे स्वाभाविक असते. नाकाचा वरचा भाग रुंद असल्याने काही बाळे नुसतीच तिरळी भासतात, हेही खरे. परंतु चार महिन्यांनंतर डोळा वळत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे नेण्यास विलंब नसावा. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नये. क्वचित प्रसंगी तिरळेपणामागे रेटिनोब्लास्टोमा हा डोळ्याचा कर्करोग असतो. घरच्या घरी कळणारी एक खूण उपयुक्त आहे : एकेक डोळा हाताने झाकून पाहावा. चांगला डोळा झाकला की मूल रडते, हात झटकते. कमजोर डोळा झाकला तर त्याला काहीच वाटत नाही. कम्युनिटी कॉलेजात बालसंगोपन वा पूर्वप्राथमिक शिक्षण शिकणाऱ्या विद्यार्थिनींना ही खूण अवश्य दाखवावी.

निस्टॅग्मस या दोषात डोळे सतत लयीत हलत राहतात. असे मूल मान एका विशिष्ट कोनात वळवून पाहते, कारण त्या कोनात डोळ्यांची हालचाल कमी होऊन त्याला स्पष्ट दिसते. ‘सरळ बस’ म्हणून शिक्षकाने त्याची मान सरळ करणे म्हणजे त्याच्या हातचा चष्मा काढून घेणेच होय.

उपचार बहुतेकदा साधे असतात. दोन-तीन वर्षांच्या वयात प्लस नंबरमुळे आत वळणारे डोळे पुष्कळदा केवळ चष्म्याने सरळ होतात. दृष्टी मंद झाली असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधतात. फ्रान्समध्ये ब्यूफाँ यांनी १७४३ मध्येच हा उपाय सुचविला होता. मध्यम प्रमाणातील दोषात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकाच गुण देते, असे २००३ मध्ये अमेरिकेतील संशोधनात दिसून आले. पट्टीऐवजी चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालण्याचाही पर्याय आहे. किती तास व किती दिवस, हे मात्र तज्ज्ञानेच ठरवावयाचे असते, कारण अतिरेकाने चांगला डोळाही मंदावू शकतो.

सात वर्षांनंतर काही उपयोग नाही, ही जुनी समजूत आता शिथिल झाली आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात ते बारा वयोगटातील निम्म्याहून थोड्या अधिक मुलांची दृष्टी चष्मा व पट्टी यांसह केलेल्या उपचाराने सुधारली. नुसत्या चष्म्याने हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. तेरा ते सतरा वर्षांच्या, पूर्वी कधीच उपचार न झालेल्या मुलांतही काहींना फायदा झाला. तेव्हा अकरावीच्या वर्गात असा विद्यार्थी आढळल्यास ‘आता वेळ गेली’ असे न सांगता त्याची एकदा तपासणी करवून घ्यावी.