पट्टीला टेकला की कटर सरळ चालतो
गावच्या सुतारांसाठी : शीट वाया जाऊ नये, बोटंही शाबूत राहावीत

गावगाड्यात सुताराचं काम एके काळी औतफाट्याशी बांधलेलं होतं. कुळव, पाभर, तिफण, बैलगाडीची चाकं, घराच्या चौकटी असं वर्षभर काही ना काही चाले. हाताशी बाभळीचं लाकूड असे आणि हत्यारं म्हणजे वाकस, रंधा, पटाशी, करवत. ट्रॅक्टर आला, औतं लोखंडी झाली आणि लाकडी औताचं काम हळूहळू सुटलं. आज गावातल्या सुताराकडे येणारं काम वेगळं आहे. कुणाला स्वयंपाकघरात कपाट हवं असतं, कुणाला दिवाण, कुणाला सनमाइका लावलेलं टीव्हीचं कपाट. म्हणजे सगळा कारभार प्लायचा.

प्लायवूड आणि बाभूळ यांच्यात मोठा फरक आहे. बाभळीची फळी वाकडी कापली गेली तर रंधा मारून सरळ करता येते. प्लायला मारलेला रंधा कड सुधारतो, पण माप कमी करतो, आणि वरचा पातळ पापुद्रा उचकटला की तो पुन्हा बसत नाही. चांगल्या १९ मिमी प्लायची एक शीट काही हजारांची. एक काप दोन सूत वाकडा गेला की कपाटाचं दार चौकटीत बसत नाही, मालकाची बोलणी खावी लागतात आणि पुढच्या वेळी तोच मालक तालुक्याच्या फर्निचरच्या दुकानात जातो. गावातल्या कामाची ही गळती थांबवायची, तर सरळ कापणं जमलं पाहिजे.

कटर आहे, पण आधार नाही

हल्ली बहुतेक सुतारांकडे विजेवर चालणारा कटर असतो. त्यातले बरेच जण ४ इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून काम भागवतात. इथं थोडं थांबायला हवं. हे यंत्र दगड आणि फरशीसाठी बनवलेलं. त्याचं ११० मिमीचं पातं मिनिटाला सुमारे १२ ते १३ हजार फेरे घेतं. लाकडाच्या सर्क्युलर सॉला पात्याखालचं, आपोआप मिटणारं झाकण असतं, ते मार्बल कटरला नसतं. लाकडाला दात असलेलं पातं त्याच्यावर चढवलं की ते उघडं आणि अतिवेगानं फिरत राहतं. लाकडाच्या कामासाठीचा साधारण ७ इंची, म्हणजे १८० ते १९० मिमी पात्याचा हातकटर मिनिटाला पाच-साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास चालतो आणि साठ-पासष्ट मिमी जाडीपर्यंत कापतो. घ्यायचा तर हाच घ्यावा.

या हातकटरचा उसाशी संबंध सांगतात. अमेरिकेत १९२० च्या दशकात एडमंड मिशेल नावाच्या माणसानं उसाच्या फडात कोयत्यानं ऊस तोडणारे मजूर पाहिले आणि कोयत्याला मोटर बसवता येईल का, असा विचार केला. ऊसतोडीचा कोयता काही जमला नाही, पण त्याच खटपटीतून लाकूड कापायचा हातकटर निघाला, अशी ही हकिगत आहे. पुढे जर्मनीत या कटरला पट्टीवरून चालवण्याची सोय झाली. आगगाडी रुळावरून जाते तसा कटर ॲल्युमिनियमच्या पट्टीवरून सरकतो. त्या पट्टीला गाईड रेल म्हणतात.

पट्टी का हवी?

गोल पातं लाकडात शिरलं की त्याला वळता येत नाही. हातकरवतीचं पातं अरुंद असतं, ते थोडं वळवून रेघेवर आणता येतं. गोल पात्याचा मात्र पुढचा भाग कापत असतो आणि मागचा भाग त्याच चिरेत असतो. हात थोडा तिरका झाला की मागचे दात चिरेच्या बाजूला घासतात. लाकूड करपतं, मोटर कण्हते, आणि पातं अडकलं तर सगळं यंत्र झटक्यानं मागे, म्हणजे माणसाच्या अंगावर उसळतं. कटरचे मोठे अपघात होतात ते बहुधा याच झटक्यानं.

नुसत्या नजरेनं रेघेवर चालवताना हात एकसारखा रेघ शोधत असतो. पट्टी लावली की हाताला फक्त पुढे सरकवायचं काम उरतं. काप सरळ येतो आणि पातं अडकण्याचा धोकाही बराच कमी होतो.

तयार रेल की घरची पट्टी?

तयार रेलवर कटरच्या तळाची खाच बसते, त्यामुळे कटर डावीउजवीकडे हलत नाही. रेलच्या कडेला रबराची पट्टी असते. ती नेमकी कापाच्या रेघेवर बसते आणि प्लायचा पापुद्रा दाबून धरते, म्हणून टवके उडत नाहीत. साधारण १४०० ते १५०० मिमीची रेल मिळते. चार फुटी आडव्या कापाला ती पुरते. आठ फुटी उभ्या कापासाठी दोन रेल जोडाव्या लागतात आणि जोड सरळ बसला की नाही हे दरवेळी पाहावं लागतं. यंत्रासह हा संच महाग पडतो. तेव्हा सुरुवात घरच्या पट्टीनं करायला काहीच हरकत नाही.

पहिला प्रकार सर्वांत सोपा. गवंडी प्लास्टर ओढायला वापरतात ती ॲल्युमिनियमची चौकोनी पोकळ पट्टी घ्या. ती शीटवर दोन्ही टोकांना शिकंज्यानं आवळा आणि कटरच्या तळाची कड तिला टेकवून चालवा. आता पट्टी रेघेपासून किती अंतरावर लावायची? हिशेब करत बसू नका. एक टाकाऊ तुकडा घ्या, पट्टी आवळा, एक काप मारा आणि पट्टीपासून चिरेच्या जवळच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. समजा १२५ मिमी आलं, तर तो आकडा कटरच्या अंगावरच रंगानं लिहून ठेवा. चिरेच्या लांबच्या कडेपर्यंतचं अंतरही मोजून ठेवा, कारण कधी अलीकडचा तुकडा ठेवायचा असतो, कधी पलीकडचा. आठ फुटी कापाला पट्टी दहा फुटी असावी. कटर लाकडात शिरण्याआधी आणि बाहेर पडताना पट्टीला टेकलेलाच हवा.

दुसरा प्रकार एकदा करून ठेवला की रोज कामाला येतो. ६ मिमी प्लायची पाच फुटी रुंद पट्टी तळाला घ्या. तिच्यावर १२ मिमी प्लायची तीन इंची पट्टी सरसानं आणि स्क्रूनं बसवा. या वरच्या पट्टीची कटरकडची कड कारखान्यातून आलेली सरळ कड असावी. मागच्या बाजूला शिकंजा बसेल इतकी जागा सोडा. पुढच्या बाजूला तळाची प्लाय कटरच्या रुंदीपेक्षा थोडी जास्तच ठेवा. आता कटर वरच्या पट्टीला टेकवून एकदा चालवा. तळाची जास्तीची प्लाय कापली जाईल आणि जी कड उरेल तीच तुमच्या कापाची रेघ. पुढे कधीही अंतर मोजायला नको. खुणेवर ही कड ठेवली, आवळली, की कापायला मोकळे. कटरची मोटर वरच्या पट्टीला अडत नाही ना, हे आधी पाहून घ्या. या पट्टीमुळे कापाची खोली ६ मिमीनं घटते, हेही ध्यानात ठेवा.

पातं बदललं तर मात्र सावध. नवं पातं जाड असेल तर पट्टीची कड आणखी कापली जाईल. पातळ असेल तर कड आणि काप यांत फट राहील. प्लायसाठी एकच पातं ठरवून ठेवावं हे बरं. प्लाय आणि सनमाइकाला ४० ते ६० दातांचं पातं साफ कापतं, फळ्या उभ्या चिरायला २४ दातांचं बरं.

पट्टी सरळ आहे की नाही, हे पाहायची जुनी युक्ती आहे. सपाट शीटवर पट्टी ठेवून तिच्या कडेनं बारीक पेन्सिलीनं रेघ मारा. मग पट्टी उलटी करून तीच कड त्याच रेघेला लावा आणि पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघा एक झाल्या तर पट्टी सरळ. मधे फट दिसली तर पट्टीत जेवढा बाक आहे त्याच्या दुप्पट फट दिसते, म्हणून बारीक बाकही लपत नाही. प्लायची पट्टी पावसाळ्यात भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका. खिळ्याला सरळ टांगा किंवा सपाट ठेवा.

कापण्याआधी

पट्टी नेहमी ठेवायच्या तुकड्यावर लावावी, पातं टाकाऊ बाजूला. कटरचे दात खालून वर कापत येतात, त्यामुळे टवके वरच्या बाजूला उडतात. पट्टी ज्या बाजूला दाबून बसली आहे तिथली कड साफ राहते. बिनपट्टीचं कापायचं झालंच तर शीटची चांगली बाजू खाली ठेवा.

खोली अशी लावा की दात शीटच्या खाली ३ ते ५ मिमी दिसतील. सगळं पातं बाहेर काढून कापल्यानं काम लवकर होत नाही, धोका मात्र वाढतो.

शीट दोन टोकांना टेकवून मधे कापू नका. काप होत आला की शीट मधे खचते, चीर मिटते आणि पातं आवळलं जातं. जमिनीवर चार सरळ बत्त्या मांडा, कापाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. नाहीतर दोन इंची थर्माकोलची शीट खाली घाला. पातं तिच्यात थोडं गेलं तरी बिघडत नाही.

पात्याची जाडीही मापात धरायची असते. आठ फुटी शीटमधून दोन-दोन फुटांच्या चार फळ्या निघतील, असा हिशेब मालक करतो. पण तीन काप म्हणजे प्रत्येकी २ मिमी धरून ६ मिमी, जवळजवळ दोन सूत, भुश्यात गेलं. शीट २४४० मिमीची असेल तर प्रत्येक फळी ६०८ मिमीच्या आसपास येते, ६१० नाही. हे कापण्याआधी सांगितलं की नंतर वाद होत नाही.

गावच्या लाकडाला पट्टी

हे सगळं प्लायपुरतंच आहे असं नाही. सॉ मिलवरून आलेल्या आंबा, कडुनिंब, बाभळीच्या फळ्यांची एक कड नेहमी सालीसकट वेडीवाकडी असते. फळीवर पट्टी आवळून एक काप मारला की सरळ कड मिळते आणि पुढची सगळी मापं तिच्यावरून घेता येतात. ओलं लाकूड चिरताना चीर मागे मिटत येते, तिथं एक छोटी पाचर सरकवून ठेवावी. जुन्या वाड्याचं सागवान कापायचं असेल तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. खिळ्यावर गेलेलं पातं फेकून द्यावं लागतं, आणि तुटलेला दात डोळ्याकडे उडाला तर काय होईल ते सांगायला नको.

हातभर लांबीचे, दोन-तीन इंची तुकडे मात्र कटरनं कापू नयेत. ते नीट आवळताही येत नाहीत. तिथं हातकरवतच बरी.

विजेचं भान

बाराशे वॉटचा कटर सव्वापाच अँपिअरच्या आसपास वीज घेतो. घरापासून गोठ्यापर्यंत पन्नास मीटर बारीक वायर ओढली तर वायरीतच दाब उतरतो. त्यात गावचा दाब आधीच कमी. मग मोटर तापते, पातं मंदावतं आणि अडकतं. जाड वायर वापरा, गुंडाळी पूर्ण सोडा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. ओल्या जमिनीवर, पावसाच्या शिंतोड्यात काम नको. कापता कापता वीज गेली तर बटण सोडा आणि पिन काढा. नाहीतर वीज परत येते तेव्हा यंत्र कुणाच्या हाती असेल सांगता येत नाही.

बाकी नियम सर्वांना माहीत असतात, पाळले जात नाहीत. झाकण तारेनं बांधून ठेवू नये. पातं बदलताना पिन काढावी. गळ्यातला गमछा आणि मोकळ्या बाह्या आवराव्यात. कटरच्या सरळ रेषेत उभं न राहता थोडं बाजूला राहावं. पातं पूर्ण थांबल्याशिवाय कटर खाली ठेवू नये. तोंडाला मुसकं बांधावं. लाकडाच्या भुश्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे.

पैशाची सोय

१७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारनं सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात सुतारकाम आहे. नोंदणी सेवा केंद्रावर होते, पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत, आणि पुढे ५ टक्के व्याजानं, विनातारण, आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज अशी योजनेची मांडणी आहे. एका कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. अवजारांच्या यादीत काय मिळतं ते नोंदणीच्या वेळी विचारून घ्यावं. महागडी रेल एकट्याला परवडत नसेल तर शेजारच्या दोन-तीन गावांतल्या सुतारांनी मिळून घ्यावी. ती रोज लागत नाही, पण मोठ्या कामाला लागतेच.

तोवर घरची पट्टी आहेच. एक दुपार, प्लायचे दोन टाकाऊ तुकडे आणि दोन शिकंजे एवढ्यात ती तयार होते. पहिला काप मोलाच्या शीटवर मारू नका. टाकाऊ तुकड्यांवर दहा-बारा काप मारून पाहा, गुण्या लावून तपासा, मग मालकाच्या शीटला हात घाला.