अपो बेटावरची मासेमोजणी

पहाटे ५.३०. फिलिपाइन्समधलं अपो बेट, जेमतेम पाऊण चौरस किलोमीटरचं. गळ घेऊन निघालेले मच्छीमार आग्नेयेकडचा प्रवाळपट्टा टाळून जातात. तिथे १९८२पासून मासेमारी बंद आहे आणि राखण गावकरीच करतात.

७.००. उथळ पाण्यात आमचा सराव. मुखवट्याच्या काचेतून पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी भासते. म्हणून पीव्हीसी पाइपचे मोजलेले तुकडे पाहून लांबी सांगायची. नजर बसली की मगच मोजणीला उतरायचं.

८.३०. राखीव पट्टा. ५० मीटरची टेप अंथरायची आणि बिचकलेले मासे परत येईपर्यंत थांबायचं. आधी जॅक, सर्जनफिश, पोपटमासे असे फिरते मासे. प्रवाळाला धरून राहणारे छोटे नंतर. पाटीवर पेन्सिलीने नाव, संख्या, लांबी. कपारीत हातभर लांबीचा गोब्रा तोंड उघडून स्थिर असतो आणि एक चिमुकला निळा मासा त्याच्या दातांमधली घाण टिपत असतो. आम्ही जवळ गेलो तरी गोब्रा हलत नाही. गोब्र्याच्या बहुतेक जाती आधी मादी असतात, मोठेपणी त्यांतले काही नर होतात. मोठे मासे उचलले गेले, की नरांचाच तुटवडा पडतो. म्हणूनच मला वाटतं, बंदीची खरी देणगी म्हणजे माशांना मिळणारं वय.

१२.३०. भात, मासे आणि आकडेमोड. दुप्पट लांबीचा मासा साधारण आठपट वजनाचा भरतो, त्यामुळे नुसती संख्या फसवते. १९८३ ते २००१ दरम्यान राखीव पट्ट्यातल्या सर्जनफिश आणि जॅक यांचं एकूण वजन तिपटीने वाढलं.

२.००. हद्दीबाहेर, तेवढ्याच खोलीवर, तीच टेप. सर्जनफिशच्या एका मोठ्या जातीची वाढ वर्षांनुवर्षं हद्दीलगतच्या पाण्यातही नोंदली गेली आहे. वादळापुढे मात्र बंदीचं काही चालत नाही: २०११ आणि २०१२च्या डिसेंबरमध्ये राखीव पट्ट्यातलं बरंच प्रवाळ मोडून पडलं.

५.००. होड्या परततात, वह्या भरतात. ‘आता मासे वाढलेत, तर पट्टा खुला का करू नये?’ असं कुणी विचारलं, तर मी फिलिपाइन्समधल्याच सुमिलॉन बेटाचं नाव घेते. तिथला पट्टा १९७४मध्ये बंद झाला, १९८४मध्ये खुला झाला. मासेमारीला जागा वाढली आणि दोनेक वर्षांत बेटाभोवती मिळणारी एकूण मासळी जवळपास निम्म्यावर आली. बंदी उठवू पाहणाऱ्याने आधी हा हिशेब पाहावा.