रिकॉलचा मेल आला! ईव्ही डीलरने पहिल्या दिवशी काय करायचं?



ईव्ही डीलरशिपवरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, मार्जिन किती सुटतं?" प्रश्न चुकीचा नाही, धंदा करायचा तर मार्जिन बघावंच लागतं. पण उद्या बॅटरीत दोष निघाला आणि कंपनीने गाड्या परत बोलावल्या, तर माझं काय होईल, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. म्हणून आज त्यावर बोलू.

समजा, शनिवारची संध्याकाळ आहे. तुमच्या शोरूममध्ये सहा इलेक्ट्रिक कार उभ्या आहेत. त्यातली एक उद्या सकाळी एका कुटुंबाला द्यायची आहे. हार आणलाय, पेढे सांगितलेत, आजी-आजोबा गावाहून यायला निघालेत. आणि सहा वाजता कंपनीचा मेल येतो: अमुक काळात बनलेल्या गाड्यांच्या बॅटरीत आगीचा धोका आढळला आहे, पुढील सूचनेपर्यंत विक्री थांबवा. तुम्ही चेसिस नंबर तपासता. उद्याची गाडी यादीत आहे.

आता काय कराल? उत्तर मनात ठरवा आणि पुढे वाचा.

हे खरंच घडलेलं आहे

अमेरिकेतली जनरल मोटर्सची शेव्हरोले बोल्ट ही गाडी आपल्याकडे विकली गेली नाही, पण तिची गोष्ट प्रत्येक ईव्ही डीलरला माहीत हवी. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने २०१७ ते २०१९ या मॉडेल वर्षांच्या सुमारे ६८ हजार गाड्या परत बोलावल्या. तात्पुरता उपाय काय? चार्जिंग ९० टक्क्यांवर रोखायचं. पुढे सॉफ्टवेअर आलं, तपासणी झाली, "दुरुस्त" म्हणून गाड्या ग्राहकांना परत दिल्या. आणि दुरुस्त केलेल्या गाड्यांनाही आग लागली!

जुलै २०२१ मध्ये दुसऱ्यांदा रिकॉल. ऑगस्टमध्ये तर तोपर्यंत बनलेली प्रत्येक बोल्ट रिकॉलमध्ये आली, एकूण सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या. कारण सापडलं ते सेल बनवताना राहिलेल्या दोन दोषांत: अ‍ॅनोडची फाटलेली पट्टी आणि दुमडलेला सेपरेटर. हे दोन्ही एकाच सेलमध्ये आले की धोका. सेल एलजीचे होते आणि जवळपास २ अब्ज डॉलरच्या खर्चातला १.९ अब्जांचा भार एलजीने उचलायचा, असं ठरलं.

आता डीलरच्या खुर्चीत बसून हे बघा. दोष त्याचा नाही, सेल त्याने बनवला नाही, सॉफ्टवेअर त्याने लिहिलं नाही. पण नवीन गाड्या त्याच्या आवारात अडकल्या. आणि "गाडी घराबाहेर लावा, इतर गाड्यांपासून ५० फूट लांब ठेवा, रात्रभर घरात चार्जिंगला लावून झोपू नका" या सूचनांवर संतापलेला ग्राहक त्याच्याच काउंटरवर येऊन उभा राहिला.

ह्युंदाई कोनाचंही तसंच झालं. आधी सॉफ्टवेअर अपडेट, मग अपडेट झालेल्या एका गाडीला कोरियात आग, आणि २०२१ मध्ये जगभरातल्या हजारो गाड्यांच्या बॅटऱ्या बदलण्याचा निर्णय. भारतातही डिसेंबर २०२० मध्ये ४५६ कोना तपासणीसाठी बोलावल्या होत्या. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरच्या आगी आणि रिकॉल आपण सगळ्यांनी बातम्यांत पाहिले.

यातून पहिला धडा घ्या. "सॉफ्टवेअर टाकलं, आता काही होणार नाही" असं वाक्य डीलरने कधीही बोलायचं नाही. "कंपनीने सांगितलेली दुरुस्ती आम्ही आज पूर्ण केली, हा कागद," एवढंच बोलायचं.

प्रत्येक तक्रार रिकॉल नसते

नवीन डीलर दोन टोकं गाठतो. एक तर प्रत्येक तक्रारीला घाबरतो, नाहीतर प्रत्येक तक्रार "असं होतंच हो" म्हणून उडवून लावतो. त्यापेक्षा तीन कप्पे करा.

पहिला कप्पा साध्या बिघाडाचा. गाडी सुरूच होत नाही म्हणून फोन येतो आणि दोष निघतो छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीत. किंवा घरी चार्ज होत नाही कारण घराचं अर्थिंगच धड नाही. यात मोठ्या बॅटरीला हातही लावावा लागत नाही.

दुसरा कप्पा एका गाडीच्या बॅटरीचा. रेंज अचानक पडली, सेलच्या व्होल्टेजमध्ये फरक दिसतोय, इन्सुलेशनची चेतावणी येतेय. हे वॉरंटीचं काम. इथे आणखी एक गोष्ट समजून घ्या. वर्षागणिक रेंज थोडी कमी होणं म्हणजे दोष नाही. वॉरंटीत क्षमतेची किमान मर्यादा किती दिली आहे, ते विकतानाच ग्राहकाला दाखवा. तेव्हा दाखवलेली ओळ माहिती असते, तीन वर्षांनी दाखवली की ती पळवाट वाटते.

तिसरा कप्पा रिकॉलचा. इथे ग्राहकाची तक्रार असो वा नसो, चेसिस नंबर यादीत आहे म्हणजे गाडी आत यायलाच हवी. "माझी गाडी तर मस्त चाललीय" म्हणणाऱ्या ग्राहकालाच सगळ्यात जास्त फोन करावे लागतात.

पहिल्या दिवशीची पाच कामं

१. यादीतल्या गाड्यांच्या चाव्या एका कपाटात, कुलूप लावून. टेस्ट ड्राइव्ह बंद, डिलिव्हरी बंद. "एकच गाडी आहे, जाऊ दे" असं म्हणायला कुणाला जागाच ठेवू नका.

२. त्या गाड्या काचेच्या शोरूममधून आणि बेसमेंटमधून बाहेर, उघड्यावर. इमारतीपासून आणि एकमेकींपासून लांब. चार्जिंगला लावायच्या नाहीत. चार्ज किती ठेवायचा ते कंपनीच्या सूचनेप्रमाणे.

३. विकलेल्या गाड्यांची यादी काढा आणि ग्राहकाला बातमीतून कळायच्या आधी तुमचा फोन जाऊ द्या. आधी फोन, मग लेखी मेसेज.

४. बोलणारा माणूस एकच ठेवा. सेल्सचा मुलगा एक सांगतो, वर्कशॉपवाला दुसरं, आणि ग्राहक दोन्ही रेकॉर्ड करतो.

५. वही किंवा एक्सेल, काहीही चालेल, पण नोंद हवी. चेसिस नंबर, फोनची तारीख, काय सांगितलं, गाडी कधी आली, काय काम झालं, ग्राहकाची सही.

फोनवर काय बोलायचं? असं काहीतरी:

"नमस्कार काका, शोरूममधून बोलतोय. तुमच्या गाडीच्या बॅटरीसाठी कंपनीने रिकॉल काढलाय. दुरुस्तीचा एक रुपयाही लागणार नाही. ती होईपर्यंत कंपनीने तीन गोष्टी सांगितल्यात, लिहून घेता का?"

काका चिडतील. "वीस लाख मोजलेत मी! आणि आता गाडी रस्त्यावर लावू?" तेव्हा वाद घालू नका. "बरोबर आहे काका, तुमच्या जागी मी असतो तर मीही चिडलो असतो. नंबर लागायची तारीख कंपनीकडून अजून आलेली नाही. शुक्रवारी मी स्वतः फोन करतो, तारीख आली असो वा नसो." आणि शुक्रवारी फोन खरंच करा. रिकॉलमध्ये नवीन बॅटऱ्या सगळ्यांना एकदम मिळत नाहीत. बोल्टच्या वेळीही जास्त धोक्याच्या काळात बनलेल्या बॅटऱ्यांना आधी प्राधान्य दिलं गेलं. रांग तुमच्या हातात नाही, पण शुक्रवारचा फोन तुमच्या हातात आहे.

वर्कशॉपमध्ये धाडस नको

पेट्रोल गाडीचा हुशार मेकॅनिक ईव्हीत सगळ्यात धोक्याचा ठरू शकतो, कारण त्याला "उघडून बघू" ही सवय असते. कारच्या बॅटरीत शेकडो व्होल्टचा डीसी करंट असतो. भगव्या रंगाच्या केबल म्हणजे हाय व्होल्टेज. प्रशिक्षण नसलेल्या माणसाने तिथे हात घालायचा नाही. ज्याला प्रशिक्षण आहे त्यानेही आधी सर्व्हिस प्लग काढायचा, कंपनीने सांगितलेली मिनिटं थांबायचं, मीटरने शून्य व्होल्ट बघायचं, मगच काम. हातमोजे १००० व्होल्टचे, प्रत्येक वेळी घालण्याआधी हवा भरून भोक तपासायचं. आणि एकट्याने काम कधीच नाही, शेजारी दुसरा माणूस हवाच.

बॅटरीतून धूर, शिट्टीसारखा आवाज किंवा विचित्र गोड वास आला, तर गाडी वाचवायला धावू नका. माणसं बाहेर काढा, १०१ ला फोन करा आणि गाडी इलेक्ट्रिक आहे हे आधी सांगा. छोट्या फायर एक्स्टिंग्विशरने बॅटरीच्या आतली आग थांबत नाही. तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते. म्हणून ती गाडी पुन्हा शेडमध्ये घ्यायची नाही.

पैशाचं गणित

आता मार्जिनवाल्या मित्रांसाठी. समजा अडकलेल्या सहा गाड्या, प्रत्येकी १५ लाखांच्या. म्हणजे ९० लाखांचा माल. त्यावर बँकेचं व्याज वर्षाला १० टक्के धरा. महिन्याला ७५ हजार रुपये नुसतं व्याज. तीन महिने विक्री बंद राहिली तर सव्वादोन लाख. पगार आणि भाडं वेगळंच.

म्हणून करार सही करायच्या आधी कंपनीला हे प्रश्न लेखी विचारा. विक्री थांबवली तर स्टॉकवरचं व्याज कोण भरणार? रिकॉलच्या कामाला मजुरी तासाला किती आणि किती दिवसांत मिळणार? खराब बॅटरीची वाहतूक कोण करणार, तोवर ती कुठे ठेवायची? ग्राहकाला पर्यायी गाडी द्यायची तर खर्च कुणाचा? कंपनीचा माणूस "ते बघू हो नंतर" म्हणाला, तर समजा की तो खर्च तुमचाच आहे. आणि काहीही झालं तरी तीन महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे बाजूला ठेवा.

कायदा थोडक्यात

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने रिकॉलची तरतूद आली. १ एप्रिल २०२१ पासून सक्तीच्या रिकॉलचे नियम लागू आहेत, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. ही जबाबदारी उत्पादक आणि आयातदाराची. म्हणून डीलर सुटला का? नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार विक्रेत्याने उत्पादकाच्या धोक्याच्या सूचना विकताना ग्राहकापर्यंत पोहोचवल्या नाहीत आणि त्यामुळेच नुकसान झालं, तर विक्रेताही जबाबदार धरला जातो. वस्तूत स्वतः फेरफार केला तरी तसंच. आता कळलं, पाचव्या कामात सही का घ्यायची ते?

आता त्या रविवारच्या डिलिव्हरीचं काय?

शनिवारी साडेसहालाच त्या घरी फोन करायचा. "उद्या गाडी देऊ शकत नाही" हे स्पष्ट सांगायचं, कारणासकट. मेलची प्रत पाठवायची. थांबायचं, दुसरी गाडी घ्यायची की पैसे परत, हे त्यांना ठरवू द्यायचं. पैसे परत म्हणाले तर परत करायचे. आजी-आजोबा आलेच असतील तर पेढे घेऊन स्वतः घरी जायचं.

बुकिंग जाईल कदाचित. महिन्याचं टार्गेटही जाईल. पण ती गाडी तुम्ही दिलीत आणि रात्री ती त्यांच्या पार्किंगमध्ये, लहान पोरांच्या खोलीखाली चार्ज होत उभी राहिली, तर तुम्हाला झोप लागेल का?

आजचा गृहपाठ: तुमच्या मनात जी डीलरशिप आहे, तिच्याजवळच्या शोरूममध्ये ग्राहक म्हणून जा आणि विचारा, "रिकॉल आला तर मला कोण कळवणार?" काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये लिहा. त्यावर पुढच्या व्हिडिओत बोलू.

भेटूया!