शाडूची मूर्ती आणि शहराचा मध्य

सन 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या आणि 2016 पासून पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आलेल्या खारघरात रुंद रस्ते आहेत, सेक्टर आहेत, उत्सव चौकही आहे. परंतु वस्तू जिथे विकली जाते तिथेच ती घडतानाही दिसावी, अशी कारागिरांची गजबजलेली आळी मात्र सहसा नजरेस पडत नाही. (आळी आराखड्यात काढता येत नसावी!)

खारघर ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील पेण आणि शेजारच्या हमरापूर, जोहे या गावांत गणेशमूर्तींचे काम जवळजवळ वर्षभर चालते. साचाकाम, सुकवणी, रंगकाम आणि अखेरीस डोळ्यांची आखणी असे ते वाटले गेल्यामुळे एका मूर्तीचा मोबदला अनेक घरांत पोहोचतो, आणि तो गावच्याच पेठेत खर्च झाला की दुसऱ्याचे उत्पन्न होऊन पुन्हा फिरतो. अर्थशास्त्रात यास गुणक परिणाम म्हणतात.

मूर्ती कशाची घडवली, यालाही महत्त्व आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे सुमारे 150 अंश सेल्सिअसला तापवून तीन चतुर्थांश पाणी घालवलेले जिप्सम. पाणी मिळताच त्याचे स्फटिक परस्परांत गुंततात, म्हणून ते झटपट घट्ट होते आणि विसर्जनानंतर सहजी विरघळत नाही. उलट, न भाजलेल्या शाडूचे कण पाणी शिरताच सुटे होतात. मात्र शाडूची मूर्ती जड आणि नाजूक असल्याने तिला जवळचीच बाजारपेठ मानवते.

बेलापूरच्या अर्बन हाटात कारागिरांना विक्रीची जागा मिळते, हे स्तुत्यच. तथापि हाट म्हणजे कारखाना नव्हे. खारघरच्या भर वस्तीत पेणच्या मूर्तिकारांना माफक भाड्याने गाळे देण्याची तजवीज महापालिकेने अवश्य करावी.